लिंबाचा रस, लिंबोणीचे पान

लिंबूवर्गातील फळांचा रस आणि त्याच झाडांची पाने यांचे गुण एका दमात सांगण्याची पद्धत आहे. दोन्ही अँटिऑक्सिडंट, दोन्ही जंतुनाशक, असे. परंतु रस आणि पान यांचे रसायन बरेच वेगळे आहे. रसाची मुख्य ताकद त्याच्या आम्लात आहे. पानात आम्ल जवळजवळ नसते. तिथे काम करतात ती सुगंधी तेले आणि फिनॉल गटातील द्रव्ये. झाड एकच असले तरी दोन अवयवांच्या गरजा निराळ्या. फळाला रसाळ गर आणि बिया सांभाळायच्या असतात. पानाला दिवसभर उन्हात उभे राहायचे असते आणि किडे, बुरशी, जिवाणू यांना तोंड द्यायचे असते.

कागदी लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस, महाळुंग, ईडलिंबू ही सारी सिट्रस प्रजातीची मंडळी. बेल, कवठ आणि कढीपत्ता हे त्यांचे कुळबंधू. या कुळाची खूण पानात दिसते. लिंबोणीचे पान उजेडासमोर धरले की त्यात सुईच्या टोकाएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळले की त्या फुटतात आणि वास सुटतो. आजची बहुतेक लिंबूवर्गीय फळे संकरातून आलेली आहेत. पपनस, महाळुंग आणि मँडरिन जातीचे मूळ संत्रे हे त्यांचे तीन मुख्य पूर्वज. कागदी लिंबू हा महाळुंग आणि एका रानटी आग्नेय आशियाई जातीचा संकर, तर युरोपातला पिवळा लेमन हा महाळुंग आणि आंबट नारिंग यांचा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या प्रजातीचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि युन्नान या पट्ट्यात शोधले. ही वंशावळ इथे द्यायचे कारण असे की प्रत्येक संकरात रसायनांचे मिश्रण बदलते, म्हणून ‘लिंबूवर्गाचे गुण’ असे सरसकट बोलणे फारसे खरे नसते.

आधी रस. लिंबाच्या रसात सुमारे 5 ते 6 टक्के सायट्रिक आम्ल असते आणि त्याचा सामू 2 ते 2.5 च्या आसपास असतो. हे आम्ल कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1784 साली लिंबाच्या रसातूनच प्रथम स्फटिकरूपात वेगळे केले. ‘क’ जीवनसत्त्वाचे प्रमाण त्या मानाने अगदी थोडे. कागदी लिंबाच्या 100 ग्रॅम रसात ते साधारण 30 मिलिग्रॅम भरते, संत्र्यात 50 च्या घरात. म्हणजे जास्त आंबट ते जास्त ‘क’ जीवनसत्त्वाचे, ही समजूत चुकीची आहे. गोड संत्रे या बाबतीत आंबट लिंबाला मागे टाकते आणि पेरू व आवळा दोघांनाही.

ही समजूत एकेकाळी माणसांच्या जिवावर बेतली होती. 1747 साली जेम्स लिंड या नौदलातील शल्यचिकित्सकाने ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरीही ब्रिटिश नौदलाने लेमनचा रस सर्वांना देणे सुरू करायला 1795 साल उजाडले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्राकडचे लेमन सोडून वेस्ट इंडीजमधील वसाहतींतले आंबट लिंबू घेतले जाऊ लागले. ते अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी, असा हिशेब होता. त्यात मुळातच ‘क’ जीवनसत्त्व कमी, शिवाय रस साठवताना हवा, उजेड आणि तांब्याचे नळ यांच्याशी संबंध येत असे. 1875-76 मधील नेअर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत लिंबाचा रस जवळ असतानाही खलाशांना स्कर्व्हीने गाठले. 1918 साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून लेमनच्या तुलनेत या लिंबाचा रस फार दुबळा असल्याचे दाखवले, तेव्हा कुठे कोडे सुटले.

तांब्याचा मुद्दा मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो, हे सर्वांना ठाऊक असते. आम्लाने धातू विरघळतो, तो पदार्थाची चव बिघडवतो. शिवाय तांब्याचे आयन ‘क’ जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीभवन वेगाने घडवून आणतात. रस कापडाने गाळून काचेत झाकून ठेवला तरी त्याचे जीवनसत्त्व हळूहळू घटते. तांब्या-पितळेत ते फार लवकर जाते. उकळण्यानेही ते जाते. म्हणून वरण, पोहे किंवा कोशिंबिरीवर लिंबू शेवटी, ताटात पिळण्याची रीत रसायनाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

‘क’ जीवनसत्त्व म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी 1928 साली ते वेगळे केले, 1932 मध्ये त्याची ओळख पटली आणि 1937 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे अँटिऑक्सिडंट काम साधे आहे. शरीरात ऑक्सिजनच्या वापरातून काही अस्थिर, इलेक्ट्रॉनची कमतरता असलेले रेणू तयार होतात. ते शेजारच्या मेदाचा, प्रथिनाचा किंवा डीएनएचा इलेक्ट्रॉन ओढतात आणि तिथे बिघाड सुरू होतो. अॅस्कॉर्बिक आम्ल स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडते, आणि तसे करूनही ते स्वतः बऱ्यापैकी स्थिर राहते. पेशीपटलातील ‘ई’ जीवनसत्त्व असेच खर्ची पडले तर त्याला पुन्हा कामाला लावण्याचे कामही तेच करते. लोहाबाबतचा उपयोग मात्र अधिक ठोस आणि रोजच्या जेवणाशी अधिक जोडलेला आहे. पालेभाज्या, डाळी आणि पोहे यांतील लोह शरीराला सहज शोषता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व त्याचे शोषण होण्याजोगे रूप करते. त्यासाठी लिंबू त्याच घासाबरोबर पोटात जायला हवे; सकाळी प्यालेले सरबत दुपारच्या भाजीतल्या लोहाला फारसे उपयोगी पडत नाही.

कापलेले सफरचंद किंवा केळे लिंबू लावल्यावर काळे पडत नाही, यातही हाच गुण दिसतो, पण एकटा नाही. फळातले विकर फिनॉलांचे तपकिरी रंगद्रव्य बनवते. अॅस्कॉर्बिक आम्ल तयार होऊ लागलेला रंग परतवते; सायट्रिक आम्ल सामू खाली आणून विकराला मंद करते आणि त्या विकराला लागणारे तांबेही पकडून ठेवते.

रसात, त्याहून जास्त सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरात, फ्लॅव्होनॉइड गटातील द्रव्ये असतात. संत्र्यात हेस्पेरिडिन, पपनसात कडवट नॅरिंजिन, लिंबात एरिओसिट्रिन, आणि संत्र्याच्या सालीत नोबिलेटिन व टँजेरेटिन. हेस्पेरिडिन 1828 सालीच वेगळे केले गेले होते. 1936 मध्ये सेंट-जॉर्जी आणि रुस्न्याक यांनी लिंबाच्या अर्काला ‘पी’ जीवनसत्त्व म्हटले. केशवाहिन्यांची गळती त्याने थांबते असा त्यांचा दावा होता. 1950 नंतर ते नाव मागे पडले, कारण या द्रव्यांवाचून शरीराला कमतरतेचा कोणताही रोग होत नाही. आज ती उपयुक्त मानली जातात, अत्यावश्यक नव्हे. रसवंतीत मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडवट होतो, त्याचा दोष मात्र फ्लॅव्होनॉइडांचा नाही. फळात लिमोनॉइडांचे बिनकडू रूप असते. रस काढला की आम्ल त्याच्यापर्यंत पोचते आणि त्याचे कडू लिमोनिन होते. यावर उपाय एकच, रस ताजा पिणे.

एखाद्या रसाची अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची कशी? प्रयोगशाळेत बहुधा डीपीपीएच नावाचे गडद जांभळे द्रव्य घेतात. त्यात नमुना टाकला की इलेक्ट्रॉन मिळून जांभळा रंग पिवळा पडत जातो आणि 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात हा बदल मोजता येतो. लोहाचे क्षपण मोजणारी एफआरएपी ही दुसरी चाचणी. एकूण फिनॉल मोजणारी फोलिन-चिओकाल्टो चाचणी अॅस्कॉर्बिक आम्लालाही फिनॉल समजून मोजते, म्हणून लिंबूवर्गाच्या रसाचे तिचे आकडे फुगलेले येऊ शकतात. या सगळ्या काचेच्या नळीतल्या चाचण्या आहेत. आतड्यातून किती शोषले गेले, यकृताने त्याचे काय केले, पेशीपर्यंत काय पोचले, याचा त्यांत पत्ता नसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने विविध पदार्थांच्या अशा क्षमतेची (ओआरएसी) मोठी यादी तयार केली होती. ते आकडे आरोग्याच्या जाहिरातींत वापरले जाऊ लागले, आणि 2012 साली खात्याने ती यादी आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. सर्दीच्या बाबतीत माणसांवरच्या चाचण्या भरपूर झाल्या आहेत. नियमित ‘क’ जीवनसत्त्व घेतल्याने सामान्य लोकांत सर्दी कमी वेळा होत नाही. झालेली सर्दी प्रौढांत साधारण 8 टक्के लवकर बरी होते. तीव्र शारीरिक श्रम करणारे मॅरेथॉन धावपटू किंवा कडाक्याच्या थंडीतले सैनिक यांच्यात मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आलेले आढळले.

पानाकडे वळले की दृश्य बदलते. पानाला उन्हातले अतिनील किरण सोसायचे असतात आणि प्रकाशसंश्लेषणात निर्माण होणाऱ्या अस्थिर ऑक्सिजनलाही आवरायचे असते. त्यासाठी फ्लॅव्होनॉइडे आणि इतर फिनॉले त्यात मुबलक असतात. वाळवून दळलेल्या पानांचा अर्क पाण्यात, इथेनॉलमध्ये किंवा मिथेनॉलमध्ये काढतात, आणि कोणता द्रावक वापरला यावर निकाल बराच अवलंबून असतो. पाण्यात तेल जवळजवळ उतरत नाही, मिथेनॉलमध्ये फिनॉले चांगली उतरतात. पण मिथेनॉलचा अर्क कोणी पीत नाही. घरी केलेला पानांचा काढा आणि शोधनिबंधातला ‘पर्णार्क’ हे म्हणून एकच पदार्थ नव्हेत.

वाफेवर ऊर्ध्वपातन केले की पानांचे तेल मिळते. आंबट नारिंगाची पाने आणि कोवळ्या डहाळ्या यांच्यापासून काढलेले तेल अत्तर उद्योगात पेतिग्रें नावाने विकले जाते आणि पॅराग्वे हा त्याचा जुना उत्पादक देश आहे. त्यात लिनालूल आणि त्याचे अॅसिटेट प्रमुख. कागदी लिंबाच्या पानात लिमोनीन आणि गवती चहाची आठवण करून देणारे सिट्रल असते. थाई स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या मकरूट लिंबाच्या पानात सिट्रोनेलालचे प्रमाण सर्वांत जास्त. म्हणूनच त्या पानाला कागदी लिंबाच्या पानाची बदली चालत नाही. दक्षिण भारतात लिंबूवर्गाची पाने ताकात चुरगळून घालतात आणि तमिळ घरांत मिरची, ओवा, मीठ यांच्याबरोबर वाटून त्याची कोरडी चटणी करतात. तिथे पानाचा उपयोग औषधापेक्षा चवीसाठी आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आता जंतुनाशक गुण. रसाच्या बाबतीत उत्तर मुख्यतः एकच आहे: आम्ल. पाण्यात सायट्रिक आम्लाचे काही रेणू आयनांत फुटतात, काही अखंड राहतात. लिंबाच्या रसाच्या सामूला बहुतेक रेणू अखंडच असतात. असे विद्युतभाररहित रेणू जिवाणूच्या पेशीपटलातून आत शिरू शकतात. आतला सामू 7 च्या जवळ असल्याने ते तिथे फुटतात आणि पेशीचा आतला भाग आंबट होतो. पेशीला प्रोटॉन बाहेर फेकण्यात शक्ती खर्च करावी लागते, विकरे मंदावतात, वाढ खुंटते. शिवाय सायट्रिक आम्ल कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन ओढून घेते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचे बाह्य पटल याच आयनांनी जोडलेले असते, ते त्यामुळे कमकुवत होते. प्रयोगात रसाचा सामू सोडा घालून उदासीन केला की त्याचा बहुतेक प्रभाव नाहीसा होतो. जो शोधनिबंध ही तुलना करत नाही, त्याच्या ‘लिंबाच्या रसाचे जंतुनाशक घटक’ या निष्कर्षावर जपूनच विश्वास ठेवावा.

आम्लाला फार भित्रा रोगजंतू कॉलऱ्याचा. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात 1990 च्या दशकात कॉलऱ्याच्या साथी आल्या. तिथे लोक भातावर घालायच्या कालवणात लिंबू पिळतात. साथीच्या वेळी केलेल्या पाहणीत असे कालवण खाणाऱ्यांना कॉलरा होण्याची शक्यता कमी आढळली, आणि प्रयोगशाळेतही लिंबू घातलेल्या कालवणात जंतूंची वाढ रोखली गेल्याचे दिसले. लिंबाच्या जंतुनाशक गुणाचा समाजातून मिळालेला इतका चांगला पुरावा क्वचितच सापडतो.

तोच पुरावा रस्त्याकडेच्या लिंबूसरबताला लागू होत नाही. ग्लासभर पाण्यात एक लिंबू म्हणजे आम्ल दहाएक पटीने पातळ झालेले, आणि पिणारा ते दोन मिनिटांत संपवतो. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू आणि नोरोव्हायरस आम्लाला दाद देत नाहीत. ते जठराचे, लिंबाहून कडक आम्लही पार करतात. जिआर्डियाचे कोश तसेच टिकतात. दूषित पाणी किंवा बर्फ लिंबू पिळल्याने सुरक्षित होत नाही. संत्र्याचा रस तर आणखी कमी आम्लधर्मी, सामू 3.5 ते 4. अमेरिकेत 1999 साली पाश्चरीकरण न केलेल्या संत्र्याच्या रसातून साल्मोनेलाची मोठी साथ पसरली होती. अॅलिसायक्लोबॅसिलस नावाचा जिवाणू तर आम्लातच वाढतो. त्याचे बीजाणू पाश्चरीकरणातूनही वाचतात आणि बाटलीबंद रसाला औषधासारखा वास आणतात. मासळीला लिंबू आणि मीठ चोळण्याचेही तसेच. वास जातो तो अमाइनांसारखी आम्लारिधर्मी द्रव्ये आम्लात उदासीन होतात म्हणून. मांस पांढरट होते ते प्रथिने बदलल्यामुळे. परजीवी कृमी मात्र शिजवल्याशिवाय किंवा खोल गोठवल्याशिवाय मरत नाहीत. लोणच्यात लिंबू वर्षभर टिकते, पण तिथे आम्लाच्या जोडीला भरपूर मीठ असते आणि वेळही. पाण्याचा अंश लागला, चमचा ओला गेला, की बुरशी त्याच आम्लाच्या पृष्ठभागावर पसरते.

पानाच्या तेलाची रीत वेगळी. टर्पीन गटातील द्रव्ये मेदात विरघळतात, म्हणजे पेशीपटलातही शिरतात. ते पटल सैल पडून आतले पोटॅशियम आणि ऊर्जाद्रव्ये गळू लागतात. सिट्रल हे अल्डिहाइड असल्याने प्रथिनांशी थेट जोडले जाते. बुरशी आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू यांच्यावर याचा परिणाम अधिक होतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचे बाह्य पटल तेलकट रेणूंना बराच अटकाव करते. ही ताकद मोजायला आगरच्या थाळीत खळगा करून अर्क घालतात आणि भोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. तेल ओल्या आगरमध्ये नीट पसरत नाही, म्हणून मोठे वर्तुळ म्हणजे जास्त ताकद असा सोपा हिशेब इथे चुकतो. जंतूची वाढ थांबवणारी किमान मात्रा मोजणे अधिक विश्वासार्ह. ती मात्रा प्रतिजैविकांच्या तुलनेत बहुधा कितीतरी पटींनी मोठी निघते. जखमेवर किंवा पोटात तेवढे तेल देता येत नाही; अन्नाच्या वेष्टनात किंवा साबण-उटण्यात ते वापरण्याजोगे असते. या क्षेत्रातला एक किस्सा सावध करणारा आहे. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क म्हणून विकली जाणारी काही उत्पादने फारच प्रभावी जंतुनाशक ठरली. त्यांचे पृथक्करण केल्यावर गुण बियांचा नसून त्यात मिसळलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडसारख्या कृत्रिम जंतुनाशकांचा निघाला.

खुद्द झाड या रसायनांनी किती सुरक्षित आहे, हे बागायतदाराला विचारावे. कागदी लिंबाच्या पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके आणणारा खैऱ्या रोग झँथोमोनस जिवाणूमुळे होतो, आणि ज्या कागदी लिंबाच्या पानांचा अर्क थाळीत जिवाणूंना रोखतो तेच या रोगाला सर्वांत लवकर बळी पडते. बागेत त्यावर ताम्रयुक्त औषध फवारावे लागते. विदर्भातल्या संत्राबागांना सायला कीड ज्याचा प्रसार करते तो ग्रीनिंग रोग आणि बुडातून डिंक वाहवणारा डिंक्या छळतात. तोडलेल्या संत्र्यावर पेनिसिलियमची हिरवी आणि निळी बुरशी चढते, ती तर या फळांवरच वाढायला सोकावलेली आहे. सालीतले तेल अनेक बुरशींना घातक असले तरी हिला ते फारसे आड येत नाही. झाडाची रसायने अनोळखी जंतूंना अडवतात. ज्या मोजक्या जंतूंनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच झाडावर संसार केला, ते त्यांना सरावलेले असतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत रोगप्रतिकारक खुंट आणि रोगमुक्त कलमांवर एवढा भर असण्याचे कारणही हेच.

वापरताना सांभाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. आम्लाने दातांचे कवच विरघळते, म्हणून रस दातांवर घासू नये. लिंबाच्या सालीत व रसात फ्युरानोकुमारिने असतात. ती त्वचेवर राहून ऊन लागले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड आणि मग काळे डाग उठतात. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना हा अनुभव येतो. लिमोनीनचे तेल हवेत उघडे राहिले की स्वतःच ऑक्सिडीभूत होते आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये त्वचेला अॅलर्जी करतात. अँटिऑक्सिडंट झाडाच्या तेलाला अशा रीतीने स्वतःलाच झाकणाची गरज पडते.

हीच फ्युरानोकुमारिने औषधांच्या वाटेतही येतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील डेव्हिड बेली आणि सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन आणि मद्य यांचा परस्परसंबंध तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस दिला आणि औषधाची रक्तातली पातळी अनपेक्षितपणे चढलेली आढळली. ग्रेपफ्रूटमधील द्रव्ये आतड्यातील औषधे मोडणाऱ्या सीवायपी3ए4 या विकराला निकामी करतात. नवीन विकर तयार होईपर्यंत परिणाम दिवसभर किंवा जास्त राहतो, म्हणून रस आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवून भागत नाही. पपनस हा ग्रेपफ्रूटचा पूर्वज आणि त्याच्यातही ही द्रव्ये असतात. कोलेस्टेरॉलवरील काही स्टॅटिन गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांनी गणपतीच्या नैवेद्यातले पपनसही डॉक्टरांना विचारूनच खावे. संत्रे आणि मोसंबी यांच्याबाबत अशी अडचण सहसा येत नाही.